साठच्या दशकातली फॅशन आणि बॅले: स्टेजसाठी नक्की काय शिवू?

लष्करवाली:
नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरहून लिहितेय. इथल्या लष्कर भागात माझं छोटंसं बुटिक आहे, ब्लाउज-ड्रेस शिवते. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात यंदा कॉलेजच्या मुलींनी नाच बसवलाय, विषय साठच्या दशकातली बायकांची फॅशन आणि त्यावर बॅलेचा प्रभाव, आणि कपडे सगळे माझ्याकडे आलेत. मुलींना गुलाबी टुटू हवेत, म्हणजे नेटचा तो आडवा पसरलेला झगा, आणि एकीला मिनी हवाय. मंडळातल्या काकूंचं म्हणणं गणपतीसमोर मिनी नको. माझी अडचण वेगळीच आहे. त्या काळचे फोटो मी खूप बघितले, पण टुटू घालून रस्त्यावर फिरणारी एकही बाई दिसली नाही! मग बॅलेचा प्रभाव म्हणजे नेमकं काय होतं? केस, बूट, गळा, काय? कुणाला माहिती असेल तर नीट सांगा, कापड अजून घेतलेलं नाही, टोपी बाजारात जायच्या आधी कळलं तर बरं होईल.

सुईदोरा:
ताई, तुमची शंका अगदी बरोबर जागी आहे. फॅशनने बॅलेच्या स्टेजवरून फार थोडं उचललं, जे उचललं ते तालमीच्या खोलीतून. तिथे नर्तकी काय घालतात बघा: अंगाला बसणारा लिओटार्ड, पायभर टाइट्स, सपाट मऊ बूट, उघडी मान आणि वर घट्ट बांधलेला अंबाडा. हेच सगळं पन्नासच्या शेवटी आणि साठच्या दशकात रस्त्यावर आलं.

बुटांपासून सांगते. पॅरिसमध्ये रोझ रेपेटो म्हणून बाई होत्या, त्यांचा मुलगा रोलां पेती नर्तक आणि नृत्यदिग्दर्शक, त्याच्यासाठी त्यांनी १९४७ मध्ये नाचाचे बूट करायला घेतले. १९५६ मध्ये फ्रेंच नटी ब्रिजित बार्दोने, जी स्वतः बॅले शिकलेली, त्यांच्याकडे रस्त्यावर घालता येईल असा तसलाच बूट मागितला. आज आपण दुकानात बेली म्हणून घेतो तो प्रकार त्यातूनच घराघरात गेला. तुम्ही शिवणकामातल्या आहात म्हणून सांगते, तो बूट आधी उलटा शिवतात, तळ आतून टाकतात आणि मग मोज्यासारखा सुलटा करतात, म्हणून बाहेरून शिलाई दिसत नाही आणि पाय वळला की बूटही वळतो. अमेरिकेत हे त्याच्याही आधी झालं होतं, युद्धात चपलाबुटांवर रेशनिंग होतं तेव्हा क्लेअर मॅककार्डेल या डिझायनरने कपेझिओ कंपनीच्या नाचाच्या बुटांना कडक तळ लावून घेतला आणि आपल्या कपड्यांबरोबर घालायला दिले.

आणि ऑड्री हेपबर्न! ती आधी बॅलेचीच मुलगी, अॅमस्टरडॅममध्ये सोनिया गॅस्केल आणि लंडनमध्ये मारी रॅम्बर्ट यांच्याकडे शिकलेली. उंची जास्त आणि युद्धातल्या उपासमारीने अंगात ताकद नाही, त्यामुळे मोठी नर्तकी होणं जमणार नाही असं तिला सांगितलं गेलं, मग ती सिनेमात आली. पण काळी अरुंद पँट, सपाट बूट, लांब मान दिसेल असा बोट नेक, हे सगळं ती तालमीतूनच घेऊन आली असं मला वाटतं. म्हणून गुलाबी टुटू नका शिवू, अख्खं बजेट नेटमध्ये जाईल आणि साठचं दशक त्यात कुठेच दिसणार नाही.

मुरारची_मीरा:
सुईदोरा यांचं पटतंय पण पूर्ण नाही. स्टेज आणि तालमीची खोली यात फरक आहे. मागच्या रांगेतल्या आजींना काळे टाइट्स बघून बॅले कसं कळणार? एक तरी टुटू हवाच, निदान सुरुवातीच्या मुलीला. शिवाय साठमध्ये बॅलेचा स्टेज पण गाजत होता ना, रशियन नर्तक नुरेयेव्ह १९६१ मध्ये पॅरिसच्या विमानतळावरून रशिया सोडून पळाला आणि १९६२ च्या फेब्रुवारीत लंडनला तिथली नर्तकी मार्गो फॉन्टेन हिच्याबरोबर जिझेल हा बॅले नाचला, ती चाळिशी ओलांडलेली आणि हा तेवीस वर्षांचा, लोक वेडे झाले होते. फॉन्टेन स्टेजबाहेर पॅरिसचे उंची कपडे घालायची, तिचे फोटो मासिकांत यायचे. आणि मिनीचं म्हणाल तर लंडनची डिझायनर मेरी क्वांटने लहानपणी बॅलेच्या वर्गातल्या मुलीला बघून ती कल्पना घेतली ना?

सुईदोरा:
मीरा, तो वर्ग टॅप डान्सचा होता, बॅलेचा नाही. आखूड स्कर्ट, काळे टाइट्स आणि पांढरे मोजे घातलेली मुलगी तिथे दिसली ती मनात राहिली असं क्वांट सांगायची. पण मिनी आला आणि लांब मोज्यांचं, त्यांच्या पट्ट्यांचं जे सगळं आतलं सामान असायचं ते दिसायला लागलं, तेव्हा कमरेपर्यंतचे टाइट्स लागलेच. अमेरिकेत ग्लेन रेवन गिरणीने तसले नायलॉनचे १९५९ मध्ये काढले होते, ते मिनीमुळे धडाधड खपले. म्हणजे नर्तकी जे कायम घालत आल्या ते सगळ्यांच्या कपाटात गेलं.

स्टेजचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. १९६५ च्या हिवाळी कलेक्शनमध्ये पॅरिसचा डिझायनर ईव्ह सँ लोराँने चित्रकार मोंद्रियानच्या चित्रांचे ते काळ्या रेघांचे, लाल-पिवळ्या-निळ्या चौकटींचे सरळ ड्रेस काढले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॅरिस ऑपेराच्या नर्तकांनी केलेल्या रोलां पेतीच्या नोत्र-दाम द पारी बॅलेचे कपडेही त्यानेच केले, तसेच झगझगीत रंग, चर्चच्या रंगीत काचांसारखे, आणि आखूड साधे झगे. तिथे टुटू नव्हताच! साठचं दशक बॅलेच्या स्टेजवर आलं ते असं. ताई, तुम्ही हे शिवा. पॉपलीनचा सरळ झगा, वर काळी पट्टी, खाली काळे टाइट्स. मागच्या रांगेतूनही दिसेल आणि काकूंनाही चालेल, टाइट्सवर गुडघ्यापर्यंतचा झगा म्हणजे काही उघडं नाही.

जुना_रसिक:
चर्चा वाचून राहवलं नाही. मी मूळचा दौलतगंजचा, आता भोपाळला असतो. ग्वाल्हेरच्या मंडळींना आठवण करून देतो की बॅले हा शब्द आपल्या गावाला परका नाही. शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला, ते उदयशंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रातले. १९५४ मध्ये ते गेले आणि गुल बर्धन व प्रभात गांगुली यांनी तो पुढे चालवला, साठच्या दशकात ग्वाल्हेरला आणला आणि पुढे तो भोपाळला गेला. त्यांचं रामायण नर्तकांनी कठपुतळ्यांसारखं नाचायचं होतं, तसे ताठ हात, तशीच झटक्याने वळणारी मान. उदयशंकर तर थेट रशियन बॅले नर्तकी आन्ना पाव्हलोव्हाबरोबर १९२३ मध्ये लंडनला राधा-कृष्ण नाचलेले. मुलींना म्हणावं, पॅरिस जरूर दाखवा पण एक प्रवेश आपल्या गावातल्या त्या मंडळींसाठी ठेवा, फार बरं वाटेल.

लष्करवाली:
काका, हे आमच्या मुलींना कुणालाच माहीत नव्हतं, आज संध्याकाळी तालमीत वाचून दाखवते. सुईदोरा ताई, मोंद्रियान झगा पक्का. आता शेवटचा भाग राहिला, मुलींना त्या काळची हिंदुस्थानी बाई दाखवायची आहे. चुडीदार-कुर्ता आणि केसांचा फुगा इतकंच सुचतंय, त्याचा बॅलेशी संबंध जोडणं ओढूनताणून होईल का?

उरेब:
अजिबात नाही होणार, आणि माझा हा जिव्हाळ्याचा विषय आहे म्हणून जरा लांब लिहिते.

साधनाचा कपाळावरचा कट घ्या. १९६० च्या लव्ह इन सिमला साठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी तिचं रुंद कपाळ झाकायला तो करून घेतला, ऑड्री हेपबर्नला बघून. म्हणजे बॅले शिकलेल्या मुलीची केशभूषा आपल्याकडच्या हजारो मुलींच्या कपाळावर आली. नंतर १९६५ च्या वक्त मध्ये साधनाला तो अंगाला चिकटलेला बिनबाह्यांचा कुर्ता आणि चुडीदार दिला तो भानू अथैया यांनी, आपल्या कोल्हापूरच्या. चुडीदार काही नवीन नव्हता, शेकडो वर्षांचा आहे, नवीन होतं ते कुर्त्याचं फिटिंग. पाय घट्ट, कंबर घट्ट, मान मोकळी. तालमीतल्या नर्तकीची आकृतीच ती!

आता शिवणाऱ्या बाईने शिवणाऱ्या बाईला सांगायचं ते. चुडीदार का ताणतो? लायक्रा नाही, इलॅस्टिक नाही, साधं कॅम्ब्रिक असतं. आपण आधी कापडाची तिरपी पिशवी शिवतो आणि मग उरेब कापतो म्हणून. उभा-आडवा धागा तिरपा पडला की कापड पायाबरोबर ताणतं आणि परत येतं. न्यूयॉर्कला नृत्यदिग्दर्शक बॅलनशिनच्या बॅलेचे कपडे करणाऱ्या कारिन्स्का बाई चोळीचे बाजूचे तुकडे असेच उरेब कापायच्या, नर्तकीला श्वास घेता यावा, कूस वळवता यावी म्हणून. १९६७ च्या त्याच्या ज्वेल्स या बॅलेचे पाचू, माणिक, हिऱ्यांचे कपडे त्यांचेच. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी माझ्या टेबलावरचा चुडीदार उचलून खिडकीपाशी नेला आणि धागा बघत बसले, इतका आनंद झाला. ताई, तुमच्या मुलींना हे स्टेजवर सांगा की जी युक्ती तिकडच्या चोळीत तीच आपल्या चुडीदारात.

आणि मीराच्या समाधानासाठी एक टुटू करायचाच असेल तर कारिन्स्कांसारखा करा. आत तार नको, नेटचे सहा-सात थर चुणून एकावर एक, प्रत्येक थर वरच्यापेक्षा थोडा आखूड, आणि थर आतून सैल टाक्यांनी एकमेकांना धरून ठेवायचे. लेहंग्याचा कडक कॅनकॅन घेऊ नका, टोचतो आणि नाचताना एका बाजूला उभा राहतो, मऊ नेट घ्या.

मुरारची_मीरा:
उरेब ताई, पटलं. एकच टुटू, तोही मऊ. लष्करवाली, थर चुणायला मी येते, मुरारहून तुमच्याकडे यायला कितीसा वेळ लागतो.

लष्करवाली:
या नक्की, रविवारी दुपारी या, मशीन दोन आहेत. मग ठरलं: सुरुवातीला एक टुटू, मग काळ्या पँटी आणि बोट नेकवाल्या मुली, मोंद्रियान झगे, काकांचा कठपुतळीचा प्रवेश, शेवटी चुडीदार. उरेब ताई, नाचायच्या चुडीदाराला चुन्यांसाठी लांबी किती जास्त धरू? आणि आसन फाटायची भीती वाटते, मुली पाय फार वर नेतात.

उरेब:
नेहमीपेक्षा कमी धरा, ८ इंच पुरे, जास्त चुन्या घोट्यावर गोळा झाल्या तर पाय जड दिसतो. आसन दीड इंच सैल ठेवा, तिथे वेगळी उरेब कळी घाला आणि शिलाई दुहेरी मारा. कुर्त्याचे कट बाजूला कमरेच्या जरा खालपासून उघडे ठेवा, नाहीतर पाय वर गेला की अख्खा कुर्ताच वर जाईल. आणि कच्चा टाका घातलेला असतानाच मुलींना एकदा पूर्ण नाच करायला लावा, जिथे टाका तुटेल तिथे कापड वाढवायचं.