विषय: कॉन्झर्व्हेटरीचे (घराला जोडलेल्या काचेच्या खोलीचे) छत बदलताना परवानगी लागते का?

रीडिंगच्या वहिनी:
सर्वांस सप्रेम नमस्कार. सोमवारी छतवाल्याला उत्तर द्यायचे असल्यामुळे घाईने लिहीत आहे. पॉलिकार्बोनेटचे छत काढून त्याजागी हलक्या कौलांचे छत बसवायचे आहे. जागा 14 चौरस मीटर, म्हणजे 30 च्या आत असल्याने बिल्डिंग कंट्रोलला (बांधकाम नियमांप्रमाणे आहे का हे तपासणाऱ्यांना) कळवण्याची गरज नाही, असे तो म्हणतो. घर आणि कॉन्झर्व्हेटरी यांच्यामधला सरकता दरवाजा काढून स्वयंपाकघर मोठे करावे, असा ह्यांचा आग्रह आहे. नाना दिवाळीच्या बैठकीत काही वेगळेच सांगत होते ना?

नाना, हॅरो:
वहिनी, 30 चौरस मीटर ही अनेक अटींपैकी एक अट आहे. बांधकाम तळमजल्यावर असावे, घर आणि कॉन्झर्व्हेटरी यांच्यामध्ये घराच्या बाहेरच्या बाजूला शोभेल अशा दर्जाची भिंत, दार किंवा खिडकी कायम असावी आणि तिथले हीटिंग स्वतंत्रपणे चालू-बंद करता यावे, तरच इंग्लंडमध्ये बिल्डिंग कंट्रोलच्या नियमांतून सूट मिळते. दरवाजा काढला की ती खोली घराचाच भाग ठरते. छताचे म्हणाल, तर मूळ चौकट आणि पाया नवे वजन पेलतील का, हे कोणीतरी तपासायलाच हवे.

लेस्टरचे भाऊ:
नानांचे दरवाजाबद्दलचे म्हणणे मान्य आहे, छताबद्दलचे नाही. छताचा तीनचतुर्थांश भाग प्रकाश आत सोडणारा असला पाहिजे, ही कॉन्झर्व्हेटरीची व्याख्या 2010 च्या बदलात बांधकाम नियमांच्या सरकारी मार्गदर्शिकेतून वगळली गेली. मग कौले घातली म्हणून सूट कशी जाते? प्लॅनिंगचे (बांधकाम कुठे, केवढे करता येईल याच्या परवानगीचे) प्रश्न आपल्या मंडळात आजवर मीच पाहत आलो आहे, म्हणून विचारतो.

नाना:
भाऊ, हा प्रश्न प्लॅनिंगचा नाही, बिल्डिंग कंट्रोलचा आहे. व्याख्या गेली, तरी सूट ‘कॉन्झर्व्हेटरी’लाच आहे, आणि कौलांचे छत घातलेल्या खोलीला बहुतेक बिल्डिंग कंट्रोलवाले साधी वाढीव खोली मानतात. मग नव्या छताची यू-व्हॅल्यू (छतातून उष्णता किती निसटते याचे माप, कमी तितके चांगले) 0.15 पर्यंत आणावी लागते. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून नियमबाह्य काम काढून टाकण्याची नोटीस देण्याची मुदत एका वर्षावरून दहा वर्षे झाली आहे.

हाउन्स्लोच्या मावशी:
आमचे घर विकताना खरेदीदाराच्या सॉलिसिटरने छताचे प्रमाणपत्र मागितले, ते आमच्याकडे नव्हते. इन्डेम्निटी विमा (प्रमाणपत्र नसल्याने पुढे होणारे नुकसान भरून देणारा) घेऊन काम भागले असते, पण ह्यांनी प्रामाणिकपणे आधी कौन्सिललाच फोन केला आणि त्यामुळे तो विमाही मिळेना. शेवटी छताचे आतले अस्तर जागोजागी उघडून दाखवावे लागले.

एडिनबराहून:
वरील सर्व चर्चा इंग्लंडपुरतीच आहे, हे कृपया लक्षात घ्यावे. आमच्याकडे स्कॉटलंडमध्ये सुटीसाठी क्षेत्रफळाची मर्यादा 8 चौरस मीटरची आहे.

रीडिंगच्या वहिनी:
सर्वांचे आभार. दरवाजा राहील, ह्यांची समजूत मी घालते. छतवाला आता अर्ज करायला तयार झाला आहे, पण त्याचे शुल्क कोटेशनमध्ये धरलेले नाही, असे आज सांगतो आहे. नाना, हे शुल्क त्याने भरायचे की आम्ही?