गुन्हेगारी पिक्चरांनीच हॉलिवूडची सेन्सॉरशिप मोडली का?

मांडवीकाठ: नमस्कार मंडळी, पणजीला इफ्फीच्या (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) रांगेत एक काका भेटले होते, ते म्हणाले हॉलिवूडात सेन्सॉर आणला तो गँगस्टर पिक्चरांनी आणि घालवला तोही त्यांनीच. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. परवा 1932 चा गँगस्टर पिक्चर 'स्कारफेस' बघितला तर मध्येच एक पेपरवाला उठून सगळ्यांना उपदेश करायला लागतो, कथेशी काही संबंधच नाही त्याचा! हे कुणी घुसवलं? आणि काकांचं म्हणणं कितपत बरोबर?

म्हापशेकर: तो सीन सेन्सॉरवाल्यांच्या दबावाखाली नंतर घातलेला आहे. नाव पण वाढवलं, 'शेम ऑफ द नेशन', म्हणजे देशाला लाज. एक वेगळा शेवटही शूट केला, त्यात हिरोला फाशी होते पण हिरो झालेला पॉल म्युनी शूटिंगला नव्हताच म्हणून त्याचा चेहरा दिसत नाही. काय दाखवायचं, काय नाही ह्याची हॉलिवूडची नियमावली 1930 लाच कागदावर आली होती, पण कडक अंमल 1934 पासून ती राबवणाऱ्या ऑफिसच्या जोसेफ ब्रीनने केला. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती नको, गुन्हा कसा केला ते तपशिलात दाखवायचं नाही. आणि त्या ऑफिसचा मंजुरीचा शिक्का नसलेला पिक्चर थिएटरात लागायचाच नाही कारण मोठी थिएटरं स्टुडिओंच्याच मालकीची, खरी मेख तिथेच आहे.

फोंड्याची_सई: काकांचं अर्धं बरोबर वाटतं मला. नुसत्या धाडसाने काही झालं नसतं, कोर्टाने दार उघडलं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या 1948 च्या निकालाने स्टुडिओंच्या हातातून थिएटरं सुटली, 1952 ला इटालियन दिग्दर्शक रोझेलिनीच्या 'द मिरॅकल' पिक्चरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पिक्चरला अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे असं मानलं, 1915 मध्ये ह्याच कोर्टाने तो नुसता धंदा म्हटला होता. मग 1955 ला दिग्दर्शक प्रेमिंगरने ड्रग्जवरचा 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' शिक्क्याशिवाय लावला आणि वर्षभरात ड्रग्ज न दाखवण्याचा नियम सैल झाला. बघा, एकाने जोखीम घेतली की नियम हलतो.

पण एक सांगू का, बंधनातूनही चांगलं काम झालंय. 'डबल इन्डेम्निटी'ची गोष्ट ब्रीनच्या नापसंतीमुळे कितीतरी वर्षं अडकली होती, 1944 ला दिग्दर्शक वाइल्डरने तिचा पिक्चर केला. नवऱ्याचा खून होताना कॅमेरा फक्त बायकोच्या चेहऱ्यावर, बाकी सगळं आपण मनातच बघतो, अंगावर काटा येतो. पण म्हणून बंधन चांगलं असं मी म्हणणार नाही.

म्हापशेकर: सई पटलं. सेन्सॉर मोडणारा गुन्हेगारी पिक्चर म्हणून 1967 च्या 'बॉनी अँड क्लाइड'चं नाव सगळे घेतात, पण नियमावली तर 1966 लाच बरीच ढिली केली होती. तरी गोळी सुटते आणि ती लागलेला माणूस एकाच फ्रेममध्ये, ते बघून लोक हादरलेच. 1968 च्या नोव्हेंबरात रेटिंग आलं, म्हणजे कापायचं नाही, कोणी बघावं तेवढं सांगायचं.

मांडवीकाठ: बापरे, म्हणजे थिएटरं कुणाची हा मुद्दा मी धरलाच नव्हता. आपल्याकडे तर 1970 ला दिग्दर्शक के. ए. अब्बासांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पिक्चर लागायच्या आधी त्याची तपासणी करणं योग्यच ठरवलं. इफ्फीत सर्टिफिकेटशिवाय पिक्चर दाखवायची सूट असते आणि तोच नंतर थिएटरात कापून लागू शकतो, म्हणून त्या रांगेत उभं राहायला मला जराही कंटाळा येत नाही. ते काका ह्या वर्षी परत भेटले तर हे सगळं सांगणार त्यांना.