तिसऱ्यांवर (शिंपल्यांवर) खापर कशाला?

मडगावची मास्तरीण: काल इथं एकानं टाकलं, "मेंदूत चमचाभर प्लॅस्टिक सापडलं, मासळी सोडा." ते वाचून गप्प बसवेना. संशोधन अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठाचं, फेब्रुवारी २०२५ मध्ये छापलेलं. २०१६ चे २८ आणि २०२४ चे २४ मेंदू तपासले. मासळी खाणारे आणि न खाणारे अशी तुलना त्यात नाहीच. शिवाय नमुना प्रचंड तापवायचा आणि त्याचे जे तुकडे पडतात त्यावरून प्लॅस्टिक ओळखायचं, अशी ती रीत. चरबी तापवली तरी पॉलिएथिलीनसारखेच (म्हणजे पिशव्यांच्या प्लॅस्टिकसारखेच) काही तुकडे पडतात, आणि मेंदूत चरबी भरपूर. हा आक्षेप इतर शास्त्रज्ञांनीच घेतलाय. प्लॅस्टिक पोटात जात नाही असं मी म्हणत नाही. पण हॉटेलातून उकळतं हुमण (मासळीची आमटी) पातळ पिशवीत ओतून देतात, वर रबर गुंडाळतात, घरी पोचेस्तोवर पिशवी मऊ पडून बोटांना चिकटते. त्यावर अवाक्षर नाही आणि मासळी तेवढी वाईट?

म्हापसेकर: बाय, इटलीचं संशोधन सोयीस्कर गाळलंत. मार्च २०२४, न्यू इंग्लंड जर्नल हे वैद्यकीय नियतकालिक. मानेच्या धमनीत साचलेला चरबीचा थर काढलेले २५७ रुग्ण, पैकी १५० जणांच्या थरात पॉलिएथिलीन. ज्यांच्या थरात प्लॅस्टिक होतं, त्यांना पुढच्या तीनेक वर्षांत हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट. माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झालीय, मला हे आकडे झोपू देत नाहीत. आणि दोनापावलच्या एनआयओनं (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं) दक्षिण गोव्यातल्या साळ नदीतल्या मासळीत, शिंपल्यांत मायक्रोप्लॅस्टिक, म्हणजे प्लॅस्टिकचे बारीक कण, दाखवलेत. बांगड्याची आतडी आपण काढतो, तिसऱ्या मात्र आतड्यांसकट आख्ख्या खातो.

मडगावची मास्तरीण: संबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही, त्या संशोधकांनीच तसं लिहिलंय. आतड्यांचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मानते.

बेतूलवासी: फिरून फिरून मासळीच! २०१८ चा जुलै विसरलात? मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन (प्रेतं टिकवायचं रसायन) सापडलं म्हणाले, मग म्हणाले मर्यादेत आहे, मग परराज्यांतून ट्रकानं येणाऱ्या मासळीला १५ दिवस बंदी. मार कोणी खाल्ला? माझी आई नदीतली मासळी पाटीत घेऊन दारोदार जायची. जन्माची गिऱ्हाइकं कल्ला उचलून वास घ्यायची आणि दार लावायची. ट्रकातली मासळी तिनं आयुष्यात विकली नाही.

फोंड्याचा केमिस्ट: मुळात "मर्यादा" आली कुठून? मासळी टिकवायला फॉर्मेलिन घालायची परवानगीच नाही. दुसरी बाजूही ऐका. मासा मेला की त्याच्या अंगात थोडं फॉर्माल्डिहाइड, म्हणजे फॉर्मेलिनमधलं मूळ रसायन, आपोआप तयार होतं. म्हणून नुसतं "सापडलं" म्हणून भागत नाही, किती ते मोजावं लागतं.

बेतूलवासी: मग हे तेव्हा चव्हाट्यावर येऊन का नाही सांगितलंत? आता ज्ञान पाजळून काय उपयोग?

फोंड्याचा केमिस्ट: सांगितलं होतं. मासळीवाल्यांचा दलाल म्हणून शिव्या खाल्ल्या.

म्हापसेकर: दोघांचंही एकच. धंद्याला झळ लागली की विज्ञान खोटं! पक्का पुरावा येईपर्यंत आम्ही माणसं गमवायची का?

मडगावची मास्तरीण: विज्ञान खोटं असं इथं कोण म्हणालं, दाखवा. त्यांच्या आईच्या पोटावर पाय आला, त्याला तुम्ही धंद्याची झळ म्हणता? शब्द मागे घ्या.

म्हापसेकर: आईबद्दल बोलायचं नव्हतं, तो शब्द घेतला मागे. पण वडिलांच्या ताटात तिसऱ्या पडणार नाहीत म्हणजे नाहीत.

बेतूलवासी: नका वाढू, तुमचं घर. पण साळ नदीत ते प्लॅस्टिक आम्ही टाकलेलं नाही. वरच्या अंगाला मडगावचं सांडपाणी सोडतात, पिशव्या टाकतात, ते सगळं वाहत आमच्या बेतूलला, नदीच्या मुखाशी येतं. एनआयओचं संशोधन आधी तिथल्या लोकांना वाचून दाखवा.