विज्ञानाच्या तासाला दहा मिनिटं वेबसाइटवर: हवीत की नकोत?

मीनल_मुंढवा
सहावीला विज्ञान शिकवते. कोलोराडो विद्यापीठाच्या 'फेट' या मोफत वेबसाइटवरची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे आभासी प्रयोग, वर्गात दाखवते. बरीचशी मराठीत आहेत, डाउनलोड करून ठेवली की नेटही लागत नाही. परवा पालकसभेत आक्षेप आला, "घरी मोबाइल, शाळेतही स्क्रीनच. मग मुलं प्रयोग कधी करणार?" मला हा आक्षेप पटत नाही. बर्फ वितळताना आत कणांचं काय होतं, हे कुठल्या पातेल्यात दिसणार? स्क्रीनवर उष्णता वाढवली की जागच्या जागी थरथरणारे कण सुटतात आणि एकमेकांवरून सरकू लागतात. आधी वहीत आपापल्या अंदाजाने चित्र काढायचं, मगच स्क्रीन, असा माझा नियम आहे. तुम्हाला काय वाटतं?

सदाशिवपेठी_मास्तर
पालकांचं बरोबर आहे. सर्किटचा धडा घ्या. स्क्रीनवर वायर ओढली की जोडली जाते, बल्ब लागतो, संपलं. खऱ्या वायरचं प्लॅस्टिक सोलावं लागतं. तार सेलला नीट टेकली नाही तर बल्ब लागत नाही. मग पोरं एकेक जोड तपासत बसतात, आणि शिकणं होतं ते तिथे. आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, म्हणजे मुलांच्या विज्ञान केंद्रात, अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंमधून विज्ञान शिकवून दाखवलं. ते पुण्यात झालेलं असताना आपण माउस का धरायचा?

कर्वेनगरची_आई
माझी तक्रार वेगळी आहे. वर्गभर मुलं आणि माउस एक. पुढच्या बाकावरची दोघं-तिघं हलवतात, बाकीची नुसती बघतात.

खगोलवेडा
मास्तर, शून्य सावलीचं काय करणार? पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते ती मेच्या मध्यात आणि जुलैअखेरीस. मेमध्ये शाळेला सुट्टी, जुलैत आभाळ भरलेलं. इथे वेबसाइटच कामाला येते.

सदाशिवपेठी_मास्तर
मग डिसेंबरात मैदानात काठी रोवा आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सगळ्यांत आखूड सावली बाराला पडत नाही, साडेबाराच्या सुमारास पडते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, पुणे ७४ अंशांच्या जवळ, आणि दर अंशामागे ४ मिनिटांचा फरक. स्वतः खुणा केलेलं पोर "असं का?" विचारल्याशिवाय राहत नाही.

मीनल_मुंढवा
काठी मी नक्की रोवणार. पण डिसेंबरात दुपारची सावली लांब आणि मेमध्ये जवळजवळ नाहीशी, याचं कारण पृथ्वीच्या कललेल्या अक्षात आहे. तो मैदानात उभं राहून दिसत नाही. सर्किटचंही सांगते. सेलची दोन्ही टोकं थेट वायरने जोडली तर काय होईल, हे खऱ्या सेलवर मी मुलांना कधीच करू देणार नाही. सिम्युलेशनमध्ये बॅटरी पेट घेते आणि वर्ग दचकतो. माउसबद्दल आईंचं म्हणणं रास्त आहे. आता हजेरीच्या क्रमाने देईन.

सदाशिवपेठी_मास्तर
शॉर्ट सर्किटचं मान्य. बाकी क्रम तरी उलटा करा. आधी सेल-बल्ब हातात, स्क्रीन नंतर. उत्तर आधी पाहिलं की पोरं तेवढंच जुळवून मोकळी होतात.

कर्वेनगरची_आई
मास्तरांचा क्रम मला पटतो. तपकीर गल्लीत होल्डर, बल्ब, वायर सगळं मिळतं. पाच मुलांमागे एक संच पुरे. मीनलताई, किती गट होतील ते कळवा, सामान मी आणते.