पाणाड्याने दाखवलेल्या बोअरच्या नोंदी मुलांनी ठेवल्या, त्यावर पालकांची हरकत आली. पुढे कसे जावे?

प्रश्न (शिक्षक, औसा तालुका)

मी एका जिल्हा परिषद शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. आमच्याकडे बोअर घेण्याआधी पाणाड्याला बोलावण्याची रीत आहे. तो तळहातावर नारळ आडवा धरून रान फिरतो आणि नारळ जिथे उभा राहतो तिथे पॉइंट काढून देतो. एखादा दावा कसा तपासावा हे शिकवताना मी हाच विषय घेतला. मुलांनी घरोघरी जाऊन वहीत नोंदी केल्या: बोअर कोणत्या साली घेतला, पॉइंट कोणी काढला, किती फूट गेला, पाणी लागले की कोरडा गेला. पाणाड्याने दाखवलेल्या जागा आणि मालकाने स्वतःच्या अंदाजाने ठरवलेल्या जागा वेगळ्या मांडल्या, तेव्हा दोन्हींत कोरड्या बोअरचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले.

यानंतर काही पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत हरकत घेतली. मुलांना देवाधर्मावरून उठवले जाते, ती घरात आजोबांना पुरावा मागतात, असे त्यांचे म्हणणे आहे. पुस्तकात आहे तेवढेच शिकवा, असे मला वरूनही सुचवण्यात आले. ज्या जिल्ह्याला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, जिथे एका बोअरसाठी घरातले सोने गहाण पडते, तिथल्या मुलांनी हा प्रश्न विचारायचा नाही तर कोणी विचारायचा, असे मला मनापासून वाटते. पण गावाला दुखावून शाळा चालत नाही, हेही मला कळते. अनुभवी मंडळींनी मार्ग सुचवावा.

उत्तर 1 (शिक्षिका, बीड)

सर, तुम्ही पुस्तकाबाहेरचे काही केलेले नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे संविधानाच्या अनुच्छेद 51क नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. 1976च्या 42व्या घटनादुरुस्तीने ते आले. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 29 मुलाला भयमुक्त करण्याबरोबरच त्याला आपले मत मोकळेपणाने मांडण्यास मदत करावी असे सांगते. मात्र बैठकीत कायद्यापासून सुरुवात करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कलमे ऐकली की पालकांना आपल्यावर खटला चालवला जातो आहे असे वाटते, आणि त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

मी पालकांना 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जे घडले ते सांगते. मुले पळवणारी टोळी आली आहे, या मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेपायी जमावाने पाच भटक्या माणसांना ठेचून मारले. हा निरोप कोणी पाठवला, त्याला कोठून कळले, एवढे दोन प्रश्न विचारायची सवय किती मोलाची आहे, हे मग कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. तेथून पाणाड्यापर्यंत यायला वेळ लागतो, पण पालक सोबत येतात.

उत्तर 2 (पालक आणि शेतकरी, घनसावंगी तालुका)

मी पालकांच्या बाजूने लिहीत आहे, तरी मला शिक्षकांचा विरोधक समजू नये. माझ्या रानातले दोन बोअर पाणाड्याच्या शब्दावर घेतले आणि दोन्ही फेल गेले, त्यामुळे नारळावर माझी श्रद्धा उरलेली नाही. तरीही माझ्या मुलाने वहीत माझ्या नावासमोर 'कोरडा' असे लिहून ते वर्गात वाचले असते, तर मला ते सहन झाले नसते. त्या बोअरचे कर्ज मी अजून फेडतो आहे. गावात कोणाचा बोअर फेल गेला ही त्या घराची दुखरी जागा असते, आणि तुमची मुले नेमक्या तिच्यावर बोट ठेवून आली आहेत. देवाधर्माचे नाव पुढे केले जाते, पण अनेकांचा खरा राग या उघडे पडण्याचा असावा, असे मला वाटते.

दुसरे असे की पाणाडी हा बहुधा गावातलाच गरीब माणूस असतो आणि त्याचीही मुले त्याच शाळेत शिकतात. तपासणी त्याच्या दाव्याची व्हावी, त्याच्या अब्रूची होऊ नये. आजोबांना पुरावा मागण्याबद्दल म्हणाल, तर आमच्या घरी नातू 'आबा, तुम्ही हे कसं ओळखता, मला दाखवा ना' असे विचारतो, तेव्हा आबा त्याला तास तास रानात फिरवतात. आबांना प्रश्नाचा त्रास नसतो, चारचौघांत खोटे पडण्याचा असतो. हा फरक मुलांना शिकवणे हे शिक्षकाचेच काम आहे.

उत्तर 3 (भूजल क्षेत्रात काम केलेला)

मुलांच्या निष्कर्षात एक भर घालावी. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी सलग साठत नाही. ते वरच्या मुरमात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात असते. त्यामुळे पाऊस बरा झालेल्या वर्षी कोठेही बोअर घेतला तरी थोडेफार पाणी लागण्याची शक्यता असते, आणि ते श्रेय पाणाड्याच्या खात्यावर जमा होते. पाणाड्याचे किती बोअर यशस्वी झाले, एवढ्यावरून म्हणूनच काही सिद्ध होत नाही. मुलांनी दुसऱ्या जागांशी तुलना केली, हे या कामाचे मर्म आहे. पालकांसमोर तेवढेच नीट समजावून सांगितले तरी पुष्कळ झाले. त्याचबरोबर कोणते बोअर ओढ्याकाठच्या सखल रानात आहेत आणि कोणते माळावर, हाही रकाना जोडावा. नाहीतर उद्या कोणी योग्य आक्षेप घेईल आणि मुलांकडे उत्तर नसेल.

पाणाड्याची तयारी असेल, तर एक पैसाही न लागणारी तपासणी करता येते. एकाच रानात त्याने आधी उघड्या डोळ्यांनी खुणा कराव्यात, त्या खुणा उतरवून घेऊन पुसाव्यात, आणि मग डोळे बांधून त्याने पुन्हा फिरावे. दोन्ही वेळच्या खुणा किती जुळल्या म्हणजे दावा खरा मानायचा, हे त्याच्याशी बोलून आधीच ठरवावे. झाकलेल्या घागरींचा प्रयोग करू नये; आपण वाहते पाणी ओळखतो, साठवलेले नाही, असे तो म्हणेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. घनसावंगीच्या बंधूंचे लिहिणे मी समितीतल्या पालकांना वाचून दाखवणार आहे. नोंदवहीत यापुढे नावाऐवजी क्रमांक राहतील आणि सखल रान की माळ हा रकाना जोडला जाईल. पाणाडी काकांकडे मी स्वतः जाऊन त्यांची संमती विचारेन. त्यांनी नकार दिला, तर डोळे बांधण्याचा प्रयोग होणार नाही, पण बोअरच्या नोंदी मुले चालू ठेवतील. बीडच्या ताईंना एकच विचारायचे आहे: राईनपाड्याची हकिकत आठवीच्या मुलांसमोर तुम्ही कितपत तपशिलाने सांगता?