नेतृत्वाला दिलेलं आव्हान फसलं, मग जनमत कसं वाचायचं?

जिज्ञासू
६ जून २०२२ ला ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान, हुजूर पक्षाचे बोरिस जॉन्सन स्वतःच्याच खासदारांच्या अविश्वास मतदानात २११ विरुद्ध १४८ मतांनी तरले आणि ७ जुलैला त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. उलट २०१६ मध्ये मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांच्या बाजूने त्यांच्या पक्षाचे ४० खासदार, विरोधात १७२, तरी ते नेतेपदी राहिले. अशा मतदानानंतर फोन-इन कार्यक्रम, झटपट सर्वेक्षणं, पक्षसदस्यांचा कौल असं सगळं एकदम अंगावर येतं. त्यातलं काय धरायचं?

पोटनिवडणूक
आधी प्रतिक्रिया कोणाची ते बघा. खासदार, वर्गणी भरणारे सदस्य आणि सामान्य मतदार हे तीन वेगळे गट आहेत, आणि ब्रिटनमध्ये ते बऱ्याचदा तीन दिशांना ओढतात. कॉर्बिन यांच्यावरचा अविश्वास पक्षाच्या नियमांनुसार बंधनकारक नव्हता. खरी लढत सदस्यांसमोर झाली. १२ जानेवारी २०१६ नंतर आलेल्या सदस्यांना मत नाकारलं, नोंदणीकृत समर्थकांचं (सदस्य नसूनही शुल्क भरून मत देणाऱ्यांचं) शुल्क ३ पौंडांवरून २५ पौंड केलं, नोंदणीला जेमतेम दोन दिवस दिले. तरी १ लाख ८० हजारांहून अधिक अर्ज आले! कॉर्बिन यांना ६१.८ टक्के मतं मिळाली, २०१५ पेक्षा जास्त.

पण हा सदस्यांचा कौल होता, देशाचा नव्हे. फेब्रुवारी २०१७ मध्ये मजूर पक्षाने पोटनिवडणुकीत कोपलंडची जागा सत्ताधारी हुजूर पक्षाकडे गमावली. मग त्याच वर्षी जूनच्या निवडणुकीत ४० टक्के मतं मिळवली. एका टप्प्यावरून पुढचा ओळखता येत नाही.

आकडेमोड
सर्वेक्षणात मी चार गोष्टी तपासतो. मुलाखती मतदानाच्या आधी झाल्या की नंतर. प्रश्न ‘खासदारांनी त्यांना हटवावं का’ असा होता की ‘त्यांनी राजीनामा द्यावा का’, कारण दोन्हींची उत्तरं सरळ जोडता येत नाहीत. टक्केवारी सगळ्या मतदारांची की त्या पक्षाला मागे मत दिलेल्यांची. आणि त्या उपगटात माणसं किती. हजारांच्या नमुन्यात चूक साधारण ±३ टक्के, पण त्यातले तीनशेच त्या पक्षाचे असतील तर ती जवळपास ±६ होते. मग ‘पक्षाच्या मतदारांत ४ टक्क्यांची घट’ ही बातमीच उरत नाही. फोन-इनचे श्रोते आणि हॅशटॅग तर नमुना नव्हेतच.

पोटनिवडणूक
पटलं. तरी माझा भर प्रत्यक्ष मतपेटीवर आहे. जॉन्सन यांच्यावरच्या मतदानानंतर १७ दिवसांनी झालेल्या पोटनिवडणुकांत हुजूर पक्षाची वेकफिल्डची जागा मजूर पक्षाकडे गेली आणि टिव्हर्टन-हॉनिटनमधलं २४ हजारांहून मोठं मताधिक्य लिबरल डेमोक्रॅटांनी उलटवलं. टिव्हर्टनमध्ये मजूर पक्षाची आणि वेकफिल्डमध्ये लिबरल डेमोक्रॅटांची अनामत जप्त झाली, म्हणजे ५ टक्केही मतं नाहीत. हुजूर पक्षाला पाडू शकेल त्या उमेदवारामागे मतदार एकवटले. दुसऱ्या दिवशी हुजूर पक्षाचे अध्यक्ष ऑलिव्हर डाउडन यांनी राजीनामा दिला.

आकडेमोड
दोन्ही जागा आधीच्या खासदारांच्या वर्तनामुळे रिकाम्या झाल्या होत्या, तेव्हा सगळं खापर जॉन्सन यांच्यावर फोडता येणार नाही. खासदारांच्या आकड्यातही पाणी असतं: मंत्री आणि त्यांचे संसदीय सचिव यांची मोठी फळी सहसा नेत्यासोबत असते. २११ मधून ती वजा केली की मागच्या बाकांवरचा, म्हणजे पद नसलेल्या खासदारांचा, विरोध फार मोठा दिसतो. अर्थात मतदान गुप्त, म्हणून हा अंदाजच.

नियमावली
एक गल्लत टाळा. १२ डिसेंबर २०१८ चं जॉन्सन यांच्या आधीच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्यावरचं मतदान (२०० विरुद्ध ११७) पक्षांतर्गत होतं. १६ जानेवारी २०१९ चं (३२५ विरुद्ध ३०६) हाउस ऑफ कॉमन्समधलं, सरकारवरचं. पहिलं जिंकल्यावर वर्षभर नवं आव्हान देता येत नव्हतं, पण त्या कवचाने ना मे वाचल्या ना जॉन्सन. २०१९ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत हुजूर पक्ष सुमारे ९ टक्क्यांवर, पाचव्या क्रमांकावर गेला. मे यांनी मात्र त्या मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी, निकाल येण्याआधी, जाणार असल्याचं जाहीर केलं होतं. म्हणून त्या निकालाला त्यांच्या जाण्याचं कारण म्हणू नका.