मदत हवी आहे: बेस गिटारचा दहावा फ्रेट वर आलाय, घासू का?

मंडळी,
माझा चार तारांचा बेस आहे. ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), २० फ्रेट (बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), मेपलचा नेक (गिटारीचा दांडा), वर रोझवूड. जुनाच घेतला होता. राहतो चिपळुणात. इथे पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्यालाही बुरशी धरते, तिथे गिटारीचं काय सांगावं!

डी आणि जी या दोन बारीक तारांवर नववा फ्रेट दाबला की झर्रर्र. दहावा दाबला की एकदम स्वच्छ. आठवाही थोडा झणझणतो. सगळ्यात जाड ई तारेला काही नाही. हात जड पडतोय म्हणून असेल असं आधी वाटलं, पण हळू छेडली तरी तेच.

आतापर्यंत केलेले उद्योग: तारा नव्या घातल्या. शेजारच्या गॅरेजमधून टॅपेटचं फीलर गेज उसनं आणलं. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून आठव्यापाशी तारेखालची फट मोजली, ०.३५ मिमी. म्हणजे ट्रस रॉडचा (नेकचा बाक ठरवणाऱ्या आतल्या सळईचा) दोष नसावा. सॅडल (तारेची उंची ठरवणारा आधार) वर घेतलं की झणझण जाते, पण तार इतकी उंच होते की दोन तासांच्या कार्यक्रमात बोटांची वाट लागते.

बाद झालेलं एटीएम कार्ड उभं धरून त्याची लांब कड ९-१०-११ वर ठेवून पाहिली. (आखूड कड बेसवर तीन फ्रेटांना पुरत नाही.) जी तारेकडे कार्ड डुलतं, म्हणजे तिथे मधला दहावा उंच; ई तारेकडे घट्ट बसतं.

एका दुकानदाराने सगळे फ्रेट बदलायला सांगितले. घरी कानस आहे. एकटा दहावा घासला तर चालेल का? गणपतीच्या ऑर्डरी तोंडावर आल्यात.

प्रतिसाद १
दादा, कानस आधी खाली ठेवा. एकाच बाजूला डुलतंय म्हणजे फ्रेट उंच नसून खाचेतून उचकटला असण्याची शक्यता जास्त. आज घासलात आणि उद्या तो खाली बसला, तर तिथे खड्डा होईल आणि मग दहाव्यावरच तार अकराव्याला लागेल. पातळ कागदाची कपटी घ्या आणि फ्रेटच्या टोकाखाली सरकवून बघा. आत गेली तर फ्रेट सुटलाय. नेकखाली दुमडलेला टॉवेल, फ्रेटवर लाकडी ठोकळा, आणि दाबा.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. दाबून बसत असेल तर दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून टूथपिकने फेविक्विकचा थेंब खाचेत सोडा आणि क्लँप लावून ठेवा. टेपमध्ये कंजुषी नको, माझ्या रोझवूडवर पांढरा डाग अजून आहे.
खरंच सगळे घासायची वेळ आली तर तारा काढून आधी रॉडने नेक सपाट करा, फ्रेटांच्या माथ्यावर मार्कर फिरवा, सरळ पट्टीला ३२० चा पॉलिश पेपर चिकटवून घासा. सगळीकडची शाई पुसली की थांबा. त्यानंतरचं काम जास्त किचकट: सपाट झालेले माथे परत गोल करावे लागतात. तिधारी कानशीच्या धारा मारून मी ते केलंय, दोन रविवार गेले. शेवटी स्टील वूल वापरलंत तर पिकअप (तारांखालचे चुंबक) झाका, लोहचुंबकाला चिकटलेला भुगा निघता निघत नाही.

धागाकर्ता
कागद आत गेला! जी तारेच्या टोकाशी अंगठ्याने दाबलं तर टक् करून खाली आणि सोडलं की परत वर. इतके दिवस हे दिसलं कसं नाही देव जाणे. चिकटवून रात्रभर क्लँप ठेवला. आता कार्ड डुलत नाही, नववा स्वच्छ वाजतो, सॅडलही पूर्वीच्या जागी आणलं.
कार्ड हातात होतं म्हणून सगळी नेक तपासली. १४-१५-१६ वर ते किंचित हलतंय. कागद आत जात नाही आणि आवाजही कुठे येत नाही. याला हात लावू का?

प्रतिसाद २
वाजत नाही ना? मग गणपती होऊ द्या.